फ्रेंचच्या वाटेनं एक खान्देशी भाषा : नवं व्याकरण कसं रचायचं

नवी भाषा रचायची हौस ज्यांना लागते ते बहुतेक जण पहिल्याच बैठकीत सर्वनामांचा तक्ता काढतात. भाषा फ्रेंचसारखी हवी असेल तर फ्रेंच व्याकरणाचं पुस्तक शेजारी उघडतात, तिथले प्रत्यय उचलतात आणि शब्द तेवढे आपले घालतात. अशी भाषा वहीतच राहते. तिच्यातला एक नियम दुसऱ्याला धरून नसतो, त्यामुळे दहावं वाक्य रचताना पहिल्या वाक्याचा काही उपयोग होत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, की फ्रेंचचं व्याकरण उचलू नका, फ्रेंचची झीज उचला. लॅटिन शब्दांची टोकं शतकानुशतकं झिजत गेली. लिंग, वचन, विभक्ती दाखवणारे प्रत्यय ऐकू येईनासे झाले. मग बोलणाऱ्यांनी जी डागडुजी केली तेच आजचं फ्रेंच व्याकरण. आर्टिकलं (इंग्रजी ‘द’सारखे नामाआधीचे छोटे शब्द), ठोकळेबाज शब्दक्रम, दोन तुकड्यांचा नकार, अवघड वाटणारं स्पेलिंग हे सगळं त्या डागडुजीतून आलं. म्हणून आपणही आधी शब्द झिजवायचे आणि मगच व्याकरण लिहायला घ्यायचं. खाली मी एक भाषा पायरीपायरीनं उभी करून दाखवतो. तुमची भाषा वेगळी निघेल, पण क्रम हाच ठेवा.

पायरी १ : कच्चा माल

फ्रेंचला लॅटिन होती. आपल्याकडे खान्देशची बोली अहिराणी आहे, आणि या कामाला ती प्रमाण मराठीपेक्षाही सरस आहे. भाषाशास्त्रज्ञ ग्रिअर्सननं भारतीय भाषांच्या पाहणीत खान्देशीला भिल्ली बोलींसोबत १९०७च्या खंडात घातलं, तेव्हापासून ती मराठीची की गुजरातीची हा वाद चालू आहे. आपल्याला त्या वादाशी कर्तव्य नाही. अहिराणीतल्या तीन गोष्टी तेवढ्या हव्यात. एक, ‘ळ’चा ‘य’ होतो: केळी म्हणजे केयी, डोळा म्हणजे डोया. खान्देशातल्याच लेवा गणबोलीतही हेच आहे. दोन, वर्तमानकाळात एकवचनी क्रियापदाचं रूप एकच असतं: मी करस, तू करस, तो करस. तीन, विभक्तीचे प्रत्यय आखूड आणि सुटे वाटण्याजोगे आहेत: रामना, घरमा, मले. या तिन्ही गोष्टी पुढे कामाला येणार आहेत.

एका भाषेचे शब्द घेऊन ते दुसऱ्या भाषेच्या इतिहासातून चालवायचे, ही युक्ती नवी नाही. १९९६मध्ये सुरू झालेल्या ब्रिथेनिग या कृत्रिम भाषेत लॅटिन शब्द वेल्शच्या वाटेनं नेले आहेत. वेनेदिकमध्ये तेच लॅटिन शब्द पोलिशच्या वाटेनं जातात. एस्पेरान्तोची (१८८७) गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. तिथे अपवाद नसावेत हाच हेतू होता. आपल्याला अपवाद हवेत, फक्त प्रत्येकाला कारण हवं.

साधारण शंभर रोजचे शब्द गोळा करा. शेत, स्वयंपाकघर, नाती, अंग, बाजार यांतलेच घ्या. पुस्तकी शब्द आत्ता नकोत, त्यांची जागा अगदी शेवटी येते.

पायरी २ : झीज

इथे घाई करू नका. पुढचं सगळं याच पायरीवर उभं आहे. मी पाच नियम घेतले आहेत. पाचही फ्रेंचच्या इतिहासातले आहेत, आपल्या ध्वनींना बसतील असे थोडे वळवलेले.

पहिला नियम शब्दारंभीच्या ‘क’चा. लॅटिन ‘क’ची फ्रेंचमध्ये पुढच्या स्वराप्रमाणे तीन वाटांनी पांगापांग झाली. पुढे ‘आ’ असेल तर ‘श’: ‘कात्तुस’ (मांजर) झालं ‘शा’. पुढे ‘ए’ किंवा ‘इ’ असेल तर ‘स’: ‘कैलुम’ (आकाश) झालं ‘सिएल’. पुढे ‘ओ’ किंवा ‘उ’ असेल तर ‘क’ तसाच: ‘कोर्पुस’ (शरीर) झालं ‘कोर’. आपणही हेच करू. ‘आ’च्या आधीचा ‘ग’सुद्धा फ्रेंचमध्ये मऊ झाला: ‘गाम्बा’चं ‘झाँब’ (पाय). म्हणून आपल्या ‘गा’चा ‘झा’.

दुसरा नियम दोन स्वरांत सापडलेल्या व्यंजनाचा. ‘प’ आणि ‘ब’चा ‘व’, ‘क’ आणि ‘ग’चा ‘य’, आणि ‘त’ व ‘द’ गळून जातात. लॅटिन ‘सापेरे’चं (जाणणं) ‘साव्वार’ झालं, ‘वीता’चं (जीवन) ‘वी’ झालं. मराठी वाचकाला यात परकं काही नाही. आपल्या महाराष्ट्री प्राकृतानं दोन स्वरांमधली व्यंजनं अशीच गाळली होती, ‘लोक’चं ‘लोअ’ केलं होतं. ख, ध यांसारखी महाप्राण व्यंजनं आणि ट-वर्ग मी या नियमातून सोडले आहेत. व्यंजन गळून दोन स्वर शेजारी आले तर ते एकमेकांत मिसळतात: नदी, नई, नै.

तिसरा नियम शेवटच्या स्वराचा. शेवटचा ‘आ’ बारीक होऊन जेमतेम ऐकू येणारा ‘अ’ उरतो, बाकीचे शेवटचे स्वर साफ जातात. लॅटिनचं फ्रेंच होताना अगदी हेच झालं. एकाक्षरी शब्दांना मात्र हा नियम पुरता लागत नाही, त्यांचा स्वर फार तर आखूड होतो, नाहीतर ‘मी’ आणि ‘शे’ (म्हणजे आहे) हातचे जातील.

चौथा नियम: शेवटी उघडा पडलेला ‘व’ कडक होऊन ‘फ’ होतो (लॅटिन ‘नोवेम’, म्हणजे नऊ, फ्रेंचमध्ये ‘नफ’), आणि शेवटी उघडे पडलेले ‘न’, ‘ण’, ‘म’ आधीच्या स्वराला अनुनासिक करून नाहीसे होतात.

पाचवा नियम: इतर शेवटची व्यंजनं गळतात. फ्रेंचमध्ये क, र, फ, ल ही चार बहुधा टिकतात, तीच आपणही ठेवू.

आता खान्देशचे शब्द यातून काढू. कापूस आधी ‘शापूस’, मग ‘शावूस’, मग ‘शावू’. केळी म्हणजे केयी, ती ‘सेयी’ होऊन ‘से’ वर थांबते. काम ‘शां’. गाव ‘झाव’ होऊन ‘झाफ’. गाडी ‘झा’. भाकर ‘भायर’. भरीत ‘भरी’. वांगे ‘वां’. दूध ‘दू’. आंबा ‘आंब’, ज्याच्या शेवटी तो बारीक ‘अ’ आहे.

नियमांचा क्रम किती महत्त्वाचा आहे हे तापीवर बघा. आपल्या क्रमानं गेलात तर तापीचा ‘प’ दोन स्वरांत सापडतो, ‘तावी’ होते, मग ‘ई’ जाते, ‘व’चा ‘फ’ होतो आणि नदीचं नाव उरतं ‘ताफ’. तिसरा नियम दुसऱ्याच्या आधी चालवलात तर ‘ई’ आधीच जाईल, ‘प’ शब्दाच्या शेवटी येईल आणि गळेल. उरेल नुसतं ‘ता’. दोन्ही उत्तरं चालण्याजोगी आहेत, पण एकाच भाषेत दोन्ही चालणार नाहीत. म्हणून क्रम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि एखादा शब्द कानाला आवडला नाही म्हणून क्रम मोडू नका.

भाषेचं नावही याच घाण्यातून काढा. अहिराणीत तापीची भाषा म्हणजे ‘तापीनी’. ती होते ‘तावीनी’, ‘तावीन्’, आणि शेवटी ‘तावीं’. पुल्लिंगी ‘तापीना’ मात्र ‘तावीन’ होतो, कारण बारीक ‘अ’ आपल्या आधीच्या ‘न’ला वाचवतो. फ्रेंचमधला ‘बों’ आणि ‘बॉन’ (चांगला, चांगली) हा जोडा असाच तयार झाला आहे.

पायरी ३ : लिंगाचं काय झालं ते बघा

व्याकरणाचा पहिला नियम इथे आपोआप हाती येतो. मोठा, मोठी, मोठे ही तीन रूपं झिजवा. मोठा झाला ‘मोठ’. मोठी आधी ‘मोठ्’ झाली आणि मग ‘मो’. मोठे सुद्धा ‘मो’ झालं. म्हणजे स्त्रीलिंग आणि नपुंसकलिंग एकाच आवाजाचे झाले, तीन लिंगांची दोन झाली, आणि ती आपण ठरवली नाहीत.

फ्रेंचमध्येही तीनाची दोनच झाली, पण उलट दिशेनं. लॅटिनमध्ये ‘आ’ हा स्त्रीलिंगाचा स्वर होता, म्हणून फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी विशेषणाचं व्यंजन ऐकू येतं आणि पुल्लिंगी विशेषणाचं गळतं. नपुंसकलिंग बहुतेक पुल्लिंगात गेलं. काही नपुंसकलिंगी अनेकवचनं ‘आ’कारान्त असल्यामुळे स्त्रीलिंगी समजली गेली. ‘फोलिया’ म्हणजे पानं, त्यावरून आलेला फ्रेंच शब्द आज स्त्रीलिंगी एकवचनी आहे. आपल्याकडे ‘आ’ पुल्लिंगाचा असल्यामुळे पुल्लिंगी रूप लांब आणि स्त्रीलिंगी आखूड निघालं. नियम फ्रेंचचाच, फळ आपलं. नक्कल आणि नमुना यांतला फरक हाच, आणि मला या सगळ्या खटाटोपात सर्वांत जास्त आनंद याच जागी होतो.

नामांच्या रूपावर मात्र विसंबू नका. कापूस पुल्लिंगी असूनही ‘शावू’ असा उघडा राहिला, शाळा (शाया) स्त्रीलिंगी असूनही ‘शाय’ अशी व्यंजनासकट टिकली. नामाकडे बघून लिंग कळेनासं झालं की भाषेला ते दुसरीकडे दाखवावं लागतं.

पायरी ४ : आर्टिकल आणि शब्दयोगी

लॅटिनमधला ‘तो’ झिजून फ्रेंचचं आर्टिकल झाला. आपला ‘तो’ झिजून ‘त’, ‘ती’ तशीच. अनेकवचनासाठी अहिराणीतला ‘स’ घ्या, जो ‘लोकेसना’, ‘पोरेसले’ यांत येतो: ‘तेस’, आणि शेवटचा ‘स’ गळून ‘ते’. म्हणजे त शावू (कापूस), ती से (केळी), ती झाफ (गाव नपुंसकलिंगी, म्हणून ‘ती’). स्वराआधी ‘त’ आणि ‘ती’ दोन्हींचा स्वर जातो: त’आंब.

आता विभक्ती. फ्रेंचमध्ये विभक्तीचे प्रत्यय झिजून गेले आणि नामाआधी येणाऱ्या सुट्या शब्दांनी त्यांचं काम घेतलं. आपले प्रत्यय नामाच्या मागे लागतात. ते उचलून पुढे आणणं ही आपली ढवळाढवळ आहे, झीज ती आपण होऊन करणार नाही. लॅटिनकडे पुढे लागणारे शब्द आधीपासून होते, आपल्याकडे नाहीत. तरीही मी हे करतो, कारण याशिवाय भाषेला फ्रेंचची चाल येत नाही. ‘ना’चा झाला ‘न’ (चा, ची, चे), ‘मा’चा ‘म’ (मध्ये), ‘ले’चा ‘ल’ (ला). ‘भायर न ज्वार’ म्हणजे ज्वारीची भाकर, ‘भरी न वां’ म्हणजे वांग्याचं भरीत.

हे शब्द आर्टिकलला चिकटतात: न आणि त मिळून ‘नो’, न आणि तेस मिळून ‘नेस’, ल आणि त मिळून ‘लो’, म आणि त मिळून ‘मो’. ‘ती’ला मात्र चिकटत नाहीत. फ्रेंचमध्येही पुल्लिंगी एकवचनात आणि अनेकवचनात जोड होते, स्त्रीलिंगी एकवचनात होत नाही.

या जोडीचा दुसरा उपयोग मराठी माणसाला सुरुवातीला विचित्र वाटतो. फ्रेंचमध्ये ‘मी भाकर खातो’ असं मोघम म्हणता येत नाही, ‘मी भाकरीतलं खातो’ असं काहीसं म्हणावं लागतं. मोजता न येणाऱ्या वस्तूआधी हा ‘तला’ लागतोच. ही भानगड का पोसायची? आपल्या शब्दयादीतच उत्तर आहे. पान झिजून झालं ‘पां’. पाणी झिजूनही झालं ‘पां’. दोन्ही मुळात नपुंसकलिंगी, म्हणजे तावींत दोन्ही स्त्रीलिंगी, तेव्हा लिंगही वाचवत नाही. पण ‘एक पां’ म्हटलं की पान, आणि ‘न ती पां’ म्हटलं की पाणी. शब्द एकमेकांवर आदळायला लागले की असले छोटे शब्द ओझं राहत नाहीत, त्यांच्यावाचून अडतं. तुमच्या यादीत असे आदळणारे जोड शोधा आणि त्यांना बदलू नका.

विशेषणं बहुतेक नामामागे ठेवा. मोठा, लहान, नवा, जुना, चांगला अशी रोजची चारपाच तेवढी पुढे: ‘ती मो से’ म्हणजे मोठी केळी, ‘त मोठ शावू’ म्हणजे मोठा कापूस.

पायरी ५ : झोपलेली व्यंजनं आणि लेखन

फ्रेंचमध्ये गळलेलं व्यंजन मरत नाही. पुढचा शब्द स्वरानं सुरू झाला की ते उठतं. ‘मित्र’ या शब्दाआधी अनेकवचनी आर्टिकल आलं की ‘ले आमी’ न म्हणता ‘लेझामी’ म्हणतात. तावींतही ‘ते से’ (केळी), पण ‘तेझांब’ (आंबे). ‘मो से’, पण मोठी आत्या म्हणजे ‘मोठात्य’. गंमत अशी की ‘मोठ आंब’ बोलतानाही बारीक ‘अ’ गिळला जाऊन ‘मोठांब’ होतं, म्हणजे स्वराआधी दोन्ही लिंगं पुन्हा एकसारखी ऐकू येतात. लहान मित्र आणि लहान मैत्रीण हे फ्रेंचमध्ये बोलताना एकच आवाज देतात, कारण तेच.

हे लिहायचं कसं? या कामाला देवनागरीसारखी दुसरी लिपी नाही. पाय मोडलेलं शेवटचं व्यंजन म्हणजे झोपलेलं व्यंजन असा संकेत करा. ‘मोठ’ लिहिलं तर ‘ठ’ ऐकू येतो, ‘मोठ्’ लिहिलं तर स्वर आल्याशिवाय येत नाही. ‘तेस् से’, ‘तेस् आंब’. अनुनासिकाला अनुस्वार आहेच. मराठीत १९६२च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले, आपल्या भाषेत प्रत्येक अनुस्वार खरोखर उच्चारायचा आहे. क, र, फ, ल यांचा पाय मोडायची गरज नाही, ती जागीच असतात. पुढची उदाहरणं मी ऐकू येतात तशीच लिहितो, म्हणजे वाचायला सोपी जातील.

पायरी ६ : क्रियापद

करस, खास, देस या रूपांचा शेवटचा ‘स’ गळला: कर, खा, दे. अनेकवचनी ‘करतस’मधला ‘त’ दोन स्वरांत सापडून गेला, ‘करास’ झालं, ‘करा’ उरलं. म्हणजे मि कर, तू कर, तो कर. आं करा, तुं करा, ते करा. ‘तुं’ हा झिजलेला ‘तुम्ही’, आणि तो कुणाला म्हणायचा, तू कुणाला, हे मराठी माणसाला शिकवायला नको.

एकवचनात तिन्ही रूपं एकच असल्यामुळे कर्ता बोलावाच लागतो. प्रमाण मराठीत ‘करतो’ एवढ्यावर भागतं. तावींत नुसतं ‘कर’ म्हणजे आज्ञा होईल. फ्रेंचनं कर्ता सक्तीचा केला तो बहुधा याच कारणानं: लिहिताना ‘तू’चं रूप वेगळं दिसत असलं तरी एकवचनाची तिन्ही रूपं बोलताना ‘पार्ल’ अशी एकच ऐकू येतात.

प्रश्नासाठी फ्रेंचची ‘असं आहे का, की…’ ही सोपी युक्ती घ्या. शे आणि की जोडा. ‘ए’ आणि ‘इ’च्या आधी ‘क’चा ‘स’ होतो, म्हणून ‘की’ची झाली ‘सी’ आणि दोन्ही मिळून ‘शेसी’. शेसी तो खा? (तो खातो का?) प्रत्येक वाक्याला पुढे लावा, काम झालं.

भविष्यकाळ लॅटिनमध्ये ‘गायचं आहे मला’ अशा रचनेतून पुन्हा बांधला गेला, तीच दोन पदं पुढे चिकटून फ्रेंच ‘शाँतरे’ झालं. आपल्याकडे ‘करायचं आहे’ तयारच आहे. ते चिकटवा आणि झिजवा: मि कराशे, तू कराशे, तो कराशे.

भूतकाळावर मात्र थांबायला हवं. फ्रेंच शिकणाऱ्यांना छळणारा एक नियम आहे: कर्म क्रियापदाच्या आधी आलं तर कृदन्त (‘खाल्ला’, ‘दिलेला’ यांसारखं क्रियापदापासून झालेलं रूप) त्या कर्माप्रमाणे बदलतं, नंतर आलं तर बदलत नाही. इंग्रजीवाटे फ्रेंच शिकणाऱ्याला हे डोक्यावरून जातं. आपण मात्र लहानपणापासून ‘मी आंबा खाल्ला, मी भाकर खाल्ली’ असं बोलत आलो आहोत, कर्माप्रमाणे क्रियापद बदलणं आपल्या जिभेवर आहे. आपल्याला उलट अडचण येईल: कर्म नंतर आलं तर न बदलायची शिस्त लावावी लागेल. अहिराणीतलं ‘दिधा, दिधी’ घ्या. दिधा झालं ‘दिध’, दिधी झाली ‘दि’. ‘मि शे दिध एक से’ म्हणजे मी एक केळी दिली, इथे रूप मूळचंच. ‘ती से सी मि शे दि’ म्हणजे मी दिलेली केळी, इथे स्त्रीलिंग ऐकू आलं. ‘खाल्ला, खाल्ली’ या जोडीत ‘ल’ टिकणाऱ्यांपैकी असल्यामुळे दोन्ही ‘खाल’च राहतात, फरक फक्त लिहिताना करायचा. फ्रेंचमध्येही असंच आहे, बहुतेक कृदन्तांतला फरक कागदावरच असतो.

जाणं, येणं, मरणं अशा क्रियापदांचं कृदन्त फ्रेंचमध्ये कर्त्याप्रमाणे बदलतं. आपलंही ‘ती गेली, तो गेला’ तसंच आहे. फ्रेंच त्यासाठी दुसरं सहाय्यक क्रियापद वापरते. मराठीत ‘जवळ असणं’ याला वेगळं क्रियापदच नाही, म्हणून मी सगळीकडे ‘शे’ ठेवलं. तुम्हाला दोन हवीत तर दुसरं ‘धरणं’वरून काढा.

पायरी ७ : नकार

नकार कसा तयार होतो हे पाहिल्याशिवाय फ्रेंचचा नमुना पुरा होत नाही. लॅटिनचा नकार झिजून इतका बारीक झाला, की लोक त्याला जोर द्यायला दुसरा शब्द जोडू लागले. ‘मी पाऊल चालत नाही’, ‘मी थेंब पीत नाही’, ‘मी कण खात नाही’. जुन्या फ्रेंचमध्ये पाऊल, थेंब, पावाचा कण असे कितीतरी शब्द या कामाला होते. पुढे त्यांतला पाऊल, म्हणजे ‘पा’, सगळ्या क्रियापदांना लागू झाला. आज बोलताना फ्रेंच माणूस मूळचा ‘न’ बहुधा गाळतो आणि नुसता ‘पा’ म्हणतो. जो शब्द एके काळी पाऊल होता तोच आता नकार झाला. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ येस्पर्सननं १९१७मध्ये नकाराचं हे चक्र अनेक भाषांतून मांडलं.

आपल्याला हे सगळं ओळखीचं आहे. कणभर नाही, तीळभर नाही, थेंबभर पाणी नाही, काडीची अक्कल नाही. तुमच्या भाषेचा शब्द कोणता असावा हे तुम्ही कल्पिलेले लोक काय करून जगतात यावर ठरवा. माझे लोक शेतकरी, म्हणून मी दाणा घेतला, तो झिजून ‘दाण’. मि न खा दाण: मी खात नाही. तो न कर दाण: तो करत नाही. घाईत बोलताना ‘मि खा दाण’. परक्या माणसाला वाटेल की हा दाणा खातो म्हणतोय. पण खराच दाणा खायचा असेल तर ‘मि खा एक दाण’, आर्टिकल पुन्हा कामाला आलं.

‘न’ दोन ठिकाणी आला, ‘चा’साठी आणि नकारासाठी, याची काळजी नको. एक नामाआधी येतो, दुसरा क्रियापदाआधी. आणखी एक बारकावा फ्रेंचकडून घ्या: नकारानंतर ‘तला’चं आर्टिकल गळतं आणि नुसता ‘न’ उरतो. मि खा न ती भायर (मी भाकर खातो), मि न खा दाण न भायर (मी भाकर खात नाही).

पायरी ८ : छोट्या गोष्टी

कर्माची सर्वनामं क्रियापदाआधी. ‘मला, तुला’ हे ‘ते, ती’च्या आधी, पण ‘त्याला’ त्यांच्यानंतर: मि तुल ती दे (मी तुला ती देतो), मि ती त्याल दे (मी ती त्याला देतो). मराठीत हा क्रम मोकळा असतो, इथे बांधून टाका.

आकड्यांत फ्रेंच सत्तरला साठ-दहा, ऐंशीला चार-वीस आणि नव्वदला चार-वीस-दहा म्हणते. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये सत्तर आणि नव्वदसाठी सरळ शब्दही आहेत. वीसच्या मापाला आपल्याकडे कोडी आहे. कोडी झिजून ‘को’, साठ झिजून ‘सा’, दहा ‘दह’. सत्तर ‘सा-दह’, ऐंशी ‘चार-को’, नव्वद ‘चार-को-दह’.

पायरी ९ : एक पूर्ण वाक्य

आता कसोटी. ‘मी गावात वांग्याचं भरीत खाल्लं, पण पाणी प्यायलो नाही.’

मि शे खाल न ती भरी न वां म ती झाफ, पं न शे दाण प्याल न पां.

एकेक जागा तपासा. भरीत नपुंसकलिंगी, म्हणून ‘ती’. मोजता येत नाही, म्हणून ‘न ती’. कर्म नंतर आलं, म्हणून कृदन्त मूळ रूपात. गाव नपुंसकलिंगी, म्हणून ‘म ती’, ‘मो’ नाही. नकाराचे दोन तुकडे सहाय्यक क्रियापदाच्या दोन बाजूंना. नकारानंतर ‘न ती’चं ‘न’ झालं. आणि शेवटचं ‘पां’ म्हणजे पाणीच, पान नव्हे, कारण पाण्याआधीच नुसता ‘न’ येतो आणि प्यायलं जातं तेही पाणीच. दुसऱ्या वाक्यात मी कर्ता पुन्हा आणला नाही, ‘पं’नं (म्हणजे ‘पण’नं) जोडलेल्या वाक्यांत एवढी सूट ठेवायला हरकत नाही.

अशी वीसएक वाक्यं करा, आणि ती अहिराणी चांगली बोलणाऱ्या घरच्या वडीलधाऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवा. कुठला शब्द त्यांना ओळखू येतो आणि कुठला नाही हे टिपून ठेवा. ‘भायर’ लगेच कळते, ‘से’ कुणालाच कळत नाही. दोन्ही बरोबर आहेत. फ्रेंच ऐकणाऱ्या रोमन माणसाची गत याहून बरी झाली नसती.

पायरी १० : पुस्तकी शब्द

सुरुवातीला बाजूला ठेवलेले शब्द आता आणा, पण झिजवू नका. फ्रेंचनं झिजलेल्या शब्दांच्या जोडीला लॅटिनमधून तेच शब्द नव्यानं उचलले. लॅटिन ‘काउसा’ झिजून ‘शोझ’ झाला, म्हणजे वस्तू. तोच शब्द पंडितांनी पुन्हा घेतला आणि ‘कोझ’ झाला, म्हणजे कारण. तद्भव आणि तत्सम यांचा हा जोडा आपल्याला शाळेपासून माहीत आहे. तावींत ‘काल’ झिजून ‘शाल’ झाला, त्याचा अर्थ कालचा दिवस. समय या अर्थी ‘काल’ मात्र पोथीतून आला, म्हणून त्याचा ‘क’ शाबूत. असे पुस्तकी शब्द वहीत वेगळ्या शाईनं लिहा. त्यांना फक्त आर्टिकल, अनुनासिक आणि झोपलेल्या व्यंजनांचे नियम लावा, पहिले तीन नियम नाहीत. न्यायालय, औषध, गणित, धर्म या क्षेत्रांतले बहुतेक शब्द याच शाईत जातील. शेत आणि चूल यांतला एकही शब्द तिथे गेला तर तो परत काढून घाण्यात घाला.